टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय की क्रँकचं मागचं सील?

गाडी रॅम्पवर चढते. मेकॅनिक खाली जातो, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे बोट फिरवतो आणि काळं झालेलं बोट वर करून दाखवतो. "साहेब, मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." वीस-पंचवीस वर्षांची गाडी बाळगणाऱ्याने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. ते खरंही असू शकतं. पण त्या बोटावरचं तेल दोन अगदी वेगळ्या जागांहून आलेलं असू शकतं. एका जागेचं काम रविवारी सकाळी अंगणात उरकतं, दुसऱ्यासाठी गाडी गॅरेजमध्ये सोडून रिक्षाने घरी यावं लागतं.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाचं सगळ्यात वरचं झाकण, बहुतेक गाड्यांत ऑइल ओतायचं बूच ज्यावर असतं ते. ते आणि हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) यांच्यामध्ये रबराचं किंवा कॉर्कचं पॅकिंग असतं. इथे तेल दाबाखाली नसतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरून उडतं आणि ओघळून खाली परत जातं. पॅकिंग मात्र वर्षानुवर्षं शेकून पापडासारखं होतं, वाकवायला गेलं की तुटतं.

मागचं सील राहतं थेट इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, जिथे इंजिनातून बाहेर येऊन फ्लायव्हील नावाच्या जड चाकाला जोडला जातो, तिथे ही रबरी कडी बसवलेली असते. तिला आतून एक पातळ ओठ असतो आणि तो शाफ्टवर टेकलेला राहावा म्हणून मागे बारीक स्प्रिंग. शाफ्ट मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेतो आणि हा ओठ तेल अडवून बसतो. सील स्वस्तच असतं. पण त्याच्यापर्यंत पोचायला गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील, तिन्ही काढावी लागतात, त्यामुळे बिलात मोठा आकडा मजुरीचा.

इतक्या दूरच्या दोन जागांची गल्लत का होते, ते मारुतीच्या जुन्या जिप्सीवर छान समजतं. १९८५ साली आलेल्या जिप्सीत ९७० सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन होतं, लांबीत बसवलेलं. म्हणजे त्याची पाठ ड्रायव्हरकडे. स्पार्क प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर हेडच्या अगदी मागच्या टोकाला, कॅमशाफ्टवर फिरणारा. त्याच्या ओ-रिंगचं रबर कडक झालं, किंवा टॅपेट कव्हरची मागची कड सुटली, की तेल इंजिनाच्या पाठीवरून गुपचूप खाली उतरतं. ही बाजू बॉनेट उघडूनही धड दिसत नाही. ते तेल बेल हाउसिंगवर (इंजिन-गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) येतं आणि तिच्या खालच्या कडेला थेंब धरतं. मागचं सील गळलं की थेंब नेमका तिथेच धरतो! ताडोब्याच्या धुळीत वर्षानुवर्षं फिरलेल्या जिप्सीखाली तर तेल-मातीचा असा लगदा बसलेला असतो, की त्यावर बोट फिरवून निदान करणारा माणूस निव्वळ अंदाज सांगत असतो.

मारुती ८०० सारख्या गाड्यांत इंजिन आडवं असतं. तिथे 'मागचं' सील मागे नसून एका कुशीला, गिअरबॉक्सच्या बाजूला असतं. नुसत्या नावावर जाऊ नका.

काही खुणा मदत करतात. टॅपेट कव्हरचं तेल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा तापलेला पाइप) पडत असेल तर सिग्नलला थांबल्यावर जळक्या तेलाचा वास येतो, कधी बॉनेटच्या फटीतून धुराची रेघही. मागच्या सीलचं तेल बेल हाउसिंगच्या आतून येतं. ते क्लच प्लेटला लागलं की चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. रात्रभर उभ्या गाडीखाली मोठं थारोळं दिसलं तर मला या दोघांपेक्षा ऑइल चेंबरच्या (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) पॅकिंगचा किंवा ड्रेन प्लगचा संशय येतो. इंजिन बंद असताना तेलाची पातळी क्रँकच्या खाली असते, त्यामुळे सील फाटलं तरी ते जास्त गळणार ते इंजिन चालू असताना.

पण खुणांवर गिअरबॉक्स उतरवू नये. आधी धुवा. थंड इंजिनवर डिस्ट्रिब्यूटर, अल्टरनेटर आणि एअर फिल्टरचं तोंड प्लॅस्टिकने बांधा, डीग्रीझर मारून ब्रशने घासा, पाण्याने उतरवा, पूर्ण वाळू द्या. मग संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर फुंका आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. पांढऱ्यावर तेलाची काळसर वाट उमटते. त्या वाटेने वर वर जात राहा. सगळ्यात उंच ओली जागा हाच उगम, कारण तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे जातं. हेडची पाठ बघायला छोटा आरसा आणि टॉर्च लागेल. तेवढ्याने भागलं नाही तर तेलात घालायचा चमकणारा रंग मिळतो, जांभळ्या यूव्ही टॉर्चखाली तो पिवळा-हिरवा दिसतो.

वरचं सगळं कोरडं आणि थेंब बेल हाउसिंगच्या आतूनच येतोय, असं ठरलं तरी एक संशयित उरतो: गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लचकडून फेरे आत नेणाऱ्या दांड्याचं सील. तेही त्याच पोकळीत गळतं. गिअर ऑइल जाड असतं, त्याला गंधकाचा उग्र वास येतो. वापरलेलं इंजिन ऑइल पातळ आणि काळं. बोटाला लागलेलं तेल म्हणूनच नाकाशीही न्यावं.

दोन्ही गळत्यांमागे कधीकधी एकच कारण असतं आणि त्याकडे कोणी बघत नाही, ते म्हणजे तुंबलेला ब्रीदर, इंजिनात साठणारा गॅस बाहेर सोडणारी वाट. पिस्टनच्या रिंगांतून निसटलेला गॅस क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पोकळीत साठतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा गॅस जाळायला पुन्हा इंजिनात ओढू देणारी झडप) किंवा ब्रीदर पाइप काजळीने बुजला तर तो दाब मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलतो. पीसीव्ही असलेलं इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइलचं बूच काढा आणि तोंडावर कागद धरा. कागद हलका आत ओढला गेला तर ठीक. उडाला तर आधी ब्रीदर साफ करा, नाहीतर नवं सीलही गळेल. ब्रीदर साफ करूनही कागद उडत असेल तर रिंगा झिजल्या आहेत, आणि ती मोठी गोष्ट आहे.

टॅपेट कव्हरचं काम सोपं, म्हणूनच त्यात घाई होते. जुन्या पॅकिंगचा कण न कण खरवडा, पण हेडमध्ये चिंधी घालूनच. पत्र्याचं कव्हर असेल तर कड काचेवर ठेवून सपाट आहे का बघा. बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा "अजून एक पाव फेरा" करत करत पत्राच वाकवला आणि आधी जेवढं गळत होतं त्याच्या दुप्पट गळायला लागलं. काळं सिलिकॉनही गॅरेजवाले थापतात तसं थापायचं नसतं. कोपऱ्यांवर ठिपका पुरतो. जास्तीचं आत पडलं तर ऑइलच्या जाळीत जाऊन अडकतं.

मागचं सील बदलताना शाफ्टवर नख फिरवून बघायला सांगा. जुन्या ओठाने खाच पाडली असेल तर नवं सील त्याच जागी बसवून उपयोग नाही. ते किंचित पुढे-मागे बसवतात किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतात. ओठाला तेल लावूनच सील ठोकायचं. आणि गिअरबॉक्स उतरलाच आहे तर इनपुट शाफ्टचं सील आणि क्लच दाबणारं रिलीज बेअरिंग त्याच दिवशी बदलून घ्या, क्लच प्लेट किती उरलीय तेही बघा. गळती थांबवणाऱ्या बाटल्या रबर फुगवतात. मागच्या सीलची नुसती पाझर असेल तर त्या काही महिने ढकलतात, पण पापड झालेल्या पॅकिंगला फुगवायला त्यात काही उरलेलंच नसतं.

महिन्याला डिपस्टिकवर फरक दिसत नसेल आणि क्लच घसरत नसेल, तर मागच्या सीलची पाझर मी पुढच्या क्लचच्या कामापर्यंत तशीच ठेवतो. पार्किंगमध्ये खाली पुठ्ठा टाकतो.