बॅरी शार्पलेस: संशोधन आणि सायटेशन्स

कार्ल बॅरी शार्पलेस (जन्म २८ एप्रिल १९४१, फिलाडेल्फिया) हे अमेरिकन ऑरगॅनिक केमिस्ट. केमिस्ट्रीचं नोबेल दोनदा मिळालेले ते दुसरेच, पहिले फ्रेडरिक सँगर. शार्पलेस यांना ते एकदा २००१ मध्ये, पुन्हा २०२२ मध्ये मिळालं, आणि दोन्ही वेळचं काम पूर्ण वेगळं. त्यांच्या पेपर्सना एवढी सायटेशन्स, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या पेपरमध्ये दिलेले संदर्भ, का मिळाली हे समजून घ्यायचं तर आकड्यांपेक्षा त्यांच्या रिअॅक्शन्सकडे बघावं लागतं, कारण त्या कुठल्याही साध्या लॅबमध्ये होतात.

१९६३ ला डार्टमथमधून पदवी, १९६८ ला स्टॅनफर्डमधून पीएचडी, १९७० मध्ये एमआयटी. तिथे रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत अपघात झाला. घरी निघताना गॉगल काढलेला होता, आणि एक विद्यार्थी एनएमआर ट्यूब (रेणूंची रचना तपासायची बारीक काचेची नळी) सील करत होता तिथे ते थांबले, द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेली ती ट्यूब उजेडाकडे धरून बघायला गेले आणि आत गोठलेला ऑक्सिजन झपकन वायू होऊन ट्यूब फुटली. एका डोळ्याची दृष्टी कायमची गेली. लॅबमध्ये गॉगल काढायचाच नाही हे ते तेव्हापासून सगळ्यांना कळकळीने सांगत आलेत.

पहिलं मोठं काम १९८० चं, त्सुतोमु कात्सुकी यांच्यासोबत. बरेच रेणू डाव्या-उजव्या हातासारखे जोडीने असतात आणि औषधात बहुतेक वेळा त्यातला एकच लागतो. शार्पलेस यांनी टायटॅनियमचं एक संयुग, टर्ट-ब्युटाइल हायड्रोपेरॉक्साइड आणि डायएथिल टार्ट्रेट एवढ्यावर अॅलिलिक अल्कोहोलपासून (दुहेरी बंधाशेजारी अल्कोहोल गट असलेल्या रेणूपासून) हव्या त्याच हाताचं इपॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचं तीन अणूंचं कडं असलेलं संयुग, बनवून दाखवलं. हे टार्ट्रेट म्हणजे आपल्या चिंचेत असतं त्या टार्टारिक अॅसिडचंच एस्टर, म्हणजे महागडं काहीच नाही, आणि टार्ट्रेटचा प्रकार बदलला की दुसऱ्या हाताचा रेणू मिळतो. नंतर ऑस्मियम टेट्रॉक्साइड आणि सिंकोनाच्या सालीतल्या क्विनीनच्या जातीची रसायनं वापरून डायहायड्रॉक्सिलेशन (दुहेरी बंधावर दोन OH गट बसवणं) आलं, त्याला अल्कोहोलची अट नव्हती, साधं अल्कीन, म्हणजे कार्बनचा दुहेरी बंध असलेला रेणूही चालतो. त्याची तयार पावडर एडी-मिक्स नावाने बाटलीत मिळते, अल्फा आणि बीटा अशी दोन प्रकारची, एक मिलिमोल अल्कीनला १.४ ग्रॅम घ्यायची, पाणी आणि टर्ट-ब्युटानॉल समसमान, आणि ढवळत ठेवायचं. पुण्याच्या एनसीएलसह (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) जगभरच्या लॅब्समध्ये या दोन रिअॅक्शन्स वापरून कितीतरी नैसर्गिक संयुगं बनवली गेलीत. २००१ च्या नोबेलचा अर्धा वाटा याच कामासाठी, उरलेला अर्धा विल्यम नोल्स आणि र्‍योजी नोयोरी यांना.

त्याच २००१ मध्ये, नोबेल जाहीर व्हायच्या आधीच, हार्टमुथ कोल्ब आणि एम. जी. फिन यांच्यासोबत त्यांचा क्लिक केमिस्ट्रीचा पेपर आला होता. खरं तर हा एक प्रकारचा जाहीरनामाच, म्हणणं असं की अवघड रेणूंच्या मागे लागण्यापेक्षा हमखास होणाऱ्या, पाण्यातही चालणाऱ्या, फारसा कचरा न करणाऱ्या मोजक्या रिअॅक्शन्सनी तुकडे जोडा. २००२ मध्ये त्याला पुरावा मिळाला, अझाइड (तीन नायट्रोजनची साखळी) आणि अल्काइन (कार्बनचा तिहेरी बंध) तांब्याच्या मदतीने जोडले की एकाच प्रकारचा ट्रायझोल, म्हणजे पाच अणूंचं कडं, मिळतो. तांब्याशिवाय तापवलं तर दोन प्रकारांची खिचडी होते. कॉपर सल्फेट, सोडियम अॅस्कॉर्बेट म्हणजे व्हिटॅमिन सी चं मीठ, पाणी आणि अल्कोहोल, खोलीचं तापमान, बस्स. कोपनहेगनमध्ये मॉर्टेन मेल्डाल यांनाही त्याच सुमारास हेच स्वतंत्रपणे सापडलं होतं. २०२२ चं नोबेल या दोघांना आणि कॅरोलिन बर्टोझी यांना मिळून.

क्लिकच्या २००१ आणि २००२ च्या या दोन्ही पेपर्सची सायटेशन्स प्रत्येकी दहा हजारांच्या वर आहेत, आणि ती फक्त ऑरगॅनिकवाल्यांची नाहीत, पॉलिमर, मटेरियल्स, औषधशोध, बायोलॉजी असे सगळीकडून येतात, कारण ज्यांना सिंथेसिसमध्ये (नवे रेणू बनवण्यात) रस नाही त्यांनाही दोन गोष्टी जोडायच्या असतातच. २०१३ मध्ये थॉमसन रॉयटर्सने सायटेशन्स बघून नोबेलसाठी संभाव्य नावं सुचवली त्यात फिन, व्हॅलेरी फोकिन आणि शार्पलेस ही नावं होती. उलट १९८० च्या रिअॅक्शनचं आता असं झालंय की ‘शार्पलेस इपॉक्सिडेशन’ एवढंच लिहिलं तरी चालतं, मूळ पेपरचा संदर्भ पुष्कळ वेळा कोणी देतही नाही, त्यामुळे निव्वळ आकडा बघितला तर तिचं वजन कमी वाटतं आणि तो तिच्यावर अन्याय आहे. १९९० पासून ते कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत आहेत, आणि २०१४ मध्ये त्यांच्या गटाने सल्फर-फ्लोराइडवर आधारलेली सुफेक्स ही आणखी एक क्लिक रिअॅक्शन पुढे आणली.