नॉर्चा आणि कास्तेल्लुच्चो: एका नावाखालची दोन गावे

जून-जुलै आला की लाल, निळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांनी रंगलेल्या एका इटालियन पठाराची छायाचित्रे सगळीकडे फिरू लागतात आणि त्यांखाली बहुतेक वेळा ‘नॉर्चा’ एवढेच लिहिलेले असते. त्या भरवशावर सहल आखणारा प्रवासी नॉर्चाला पोहोचतो, तेव्हा त्याला दिसते ते तटबंदीच्या आतले जुने, ठेंगण्या घरांचे गाव. फुलांच्या पठाराचा तिथे मागमूसही नसतो. ते पठार आहे कास्तेल्लुच्चोच्या पायथ्याशी. या गावाचे पूर्ण नाव ‘कास्तेल्लुच्चो दी नॉर्चा’ असे असल्याने आणि प्रशासनाच्या दृष्टीने ती नॉर्चाच्याच नगरपालिकेतील एक वाडी असल्याने हा घोळ होतो. प्रत्यक्षात दोहोंमध्ये सुमारे तीस किलोमीटरचा वळणावळणांचा घाटरस्ता आहे. नॉर्चा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर वसले आहे, तर कास्तेल्लुच्चो १४५२ मीटरवर, आणि ही साडेआठशे मीटरची चढण हवामान, पिके, घरे आणि माणसांची संख्या हे सारेच बदलून टाकते.

नॉर्चा हे खऱ्या अर्थाने नगर आहे. रोमन काळात ते नुर्सिया या नावाने ओळखले जाई. रोमच्या सत्तेला हिस्पानियात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भागात, वर्षानुवर्षे झुंजवणारा सेनानी सेर्तोरियस इथलाच, आणि गावाचा मुख्य रस्ता आजही त्याच्या नावाने आहे. पाश्चात्त्य ख्रिस्ती मठपरंपरेला शिस्त घालून देणारे संत बेनेडिक्ट इ. स. ४८०च्या सुमारास इथे जन्मले असे परंपरा मानते. त्यांचा पुतळा मुख्य चौकाच्या मधोमध उभा असून, चौकाच्या एका बाजूला विन्योला या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून १५५४पासून बांधलेला कास्तेल्लिना हा चौकोनी किल्लेवजा वाडा आहे. घरांची उंची पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते: बहुतेक घरे दोनच मजल्यांची आहेत आणि अनेक भिंती पायथ्याशी रुंद होत जमिनीकडे तिरप्या उतरतात. ही केवळ आवडीनिवडीची शैली नव्हे. १८५९च्या भूकंपाने गाव उद्ध्वस्त केल्यानंतर, तेव्हा या भागावर सत्ता असलेल्या पोपच्या राज्याने बांधकामाचे नियम केले आणि घरांच्या उंचीवर मर्यादा घातली.

नॉर्चाची दुसरी ओळख खाण्याची आहे. डुकराच्या मांसावर मीठ लावून ते टिकवण्याचे कसब इथे इतके मुरलेले आहे, की रोममधल्या अशा दुकानांनाही या गावावरून ‘नोर्चिनेरिया’ म्हणतात. दुकानाच्या दारावर रानडुकराचे पेंढा भरलेले मुंडके, आत छतापासून लोंबणाऱ्या मांड्या आणि सॉसेजच्या माळा असे दृश्य असते. शाकाहारी प्रवाशाने ते आधीच मनाशी गृहीत धरलेले बरे. त्याच्यासाठी काळे ट्रफल आहेच. जमिनीखाली वाढणारी ही बुरशी कुत्र्यांच्या साहाय्याने शोधली जाते, आणि हिवाळा हा तिचा मुख्य हंगाम.

कास्तेल्लुच्चो मात्र एका टेकडीच्या माथ्यावरचे, २०१६च्या भूकंपापूर्वीही जेमतेम शंभर-सव्वाशे वस्तीचे खेडे, आणि हिवाळ्यात तेवढीही माणसे तिथे नसत. त्याच्याभोवती सिबिल्लिनी पर्वतरांगेतील तीन उंच मैदाने पसरली आहेत आणि समोर २४७६ मीटर उंचीचा मोन्ते व्हेत्तोरे उभा आहे. यांतल्या एका मैदानाला ‘हरवलेले मैदान’ असे नाव आहे, कारण १५२२मध्ये शेजारच्या व्हिस्सो गावाशी झालेल्या लढाईत नॉर्चाने ते गमावले. चराऊ कुरणांसाठी माणसे किती निकराने भांडत, याचा हा दाखलाच म्हणायचा.

छायाचित्रांतली फुले ही कोणी हौसेने लावलेली नसतात, हे इथे मुद्दाम सांगायला हवे. शेतकरी वसंतात बर्फ वितळल्यावर पेरतात ती मसूर, आणि तणनाशके न वापरण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे पिकात खसखशीच्या जातीची लाल फुले, निळी कॉर्नफ्लॉवर आणि पिवळी मोहरी माजते. मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत शेताशेतांत ज्या रंगांचे पट्टे उमटतात ते म्हणजे, शेतीच्या भाषेत सांगायचे तर, तण आहे. फुलोऱ्याची ठरावीक तारीख नसते; ती त्या वर्षीच्या बर्फावर आणि पावसावर अवलंबून असते. फोटोसाठी शेतात शिरणारे पर्यटक पीक तुडवतात, ही तिथल्या शेतकऱ्यांची रास्त तक्रार आहे. ही मसूर वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्याकडच्या मसुरीच्याच जातीची असली, तरी दाणा अगदी बारीक, तपकिरी-हिरवट आणि पातळ सालीचा असतो. तो भिजत घालावा लागत नाही, अर्ध्या तासाच्या आत शिजतो आणि शिजल्यावरही अखंड राहतो. कांदा, लसूण, सेलरी आणि वरून कच्चे ऑलिव्ह तेल एवढ्यावर तिचे जाडसर सूप होते. नॉर्चाच्या दुकानांत छोट्या पिशव्यांतून जी मसूर मिळते ती ही कास्तेल्लुच्चोची, आणि म्हणूनच फुले नॉर्चाची हा गैरसमज आणखी पक्का होतो.

दोन गावांतला सर्वांत मोठा फरक मात्र २०१६च्या भूकंपाने समोर आणला. ३० ऑक्टोबरच्या सकाळी ६.५ तीव्रतेचा धक्का बसला. १९८०नंतर इटलीने अनुभवलेला तो सर्वांत मोठा भूकंप होता. ऑगस्टपासून धक्के चालूच असल्याने बरेच लोक आधीच घराबाहेर हलवले गेले होते आणि त्यामुळे नॉर्चात जीवितहानी टळली. संत बेनेडिक्टची बॅसिलिका कोसळली आणि दर्शनी भिंत तेवढी उभी राहिली. इतर चर्चचीही तीच गत झाली. परंतु १९७९ आणि १९९७च्या भूकंपांनंतर बळकट केलेली नॉर्चाची बहुतांश राहती घरे टिकली. कास्तेल्लुच्चोत उलटे घडले: टेकडीवरचे जुने गाव मोठ्या प्रमाणात ढासळले आणि व्हेत्तोरेच्या उतारावर जमीन फाटून काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत खचल्याची पांढुरकी रेघ उमटली. त्यामुळे कास्तेल्लुच्चोची पायवाट-गल्ल्यांची जुनी वर्णने वाचून तिथे जाणे व्यर्थ आहे. आज तिथे पाहायचे ते मैदान, डोंगर आणि आकाश. ऐतिहासिक नगर पाहायचे असेल तर ते नॉर्चातच, आणि तिथेही दुरुस्तीच्या कामांची खूण ठिकठिकाणी दिसेल.

मुक्काम नॉर्चात ठेवून कास्तेल्लुच्चोला दिवसभराची फेरी करणे हाच सोयीचा मार्ग. नॉर्चाला जाण्यासाठी रेल्वेने स्पोलेतोपर्यंत आणि तिथून बसने यावे लागते. स्पोलेतो ते नॉर्चा धावणारी छोटी रेल्वे १९६८मध्येच बंद झाली. वर कास्तेल्लुच्चोला मात्र सार्वजनिक बस जवळजवळ नाहीच, तेव्हा स्वतःची गाडी हवी. फुलोऱ्याच्या शनिवार-रविवारी अलीकडे खासगी गाड्यांना मैदानात बंदी घालून बाहेरच्या वाहनतळांवरून फेरीबस सोडल्या जातात, म्हणून निघण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम पाहून घ्यावेत. शक्य असल्यास मधल्या वारी जावे. हिवाळ्यात मैदान बर्फाखाली असते आणि घाट बर्फाने बंद होऊ शकतो, पण ट्रफलचा हंगाम असल्याने त्या दिवसांत नॉर्चा पाहण्यात काहीच गैर नाही.