अंदमानच्या सहलीतले शेवटचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरलाच का?

कार्यक्रमपत्रिका हातात पडली की बहुतेक घरांतून एकच फोन येतो. "शेवटी परत दोन रात्री पोर्ट ब्लेअर कशाला? त्या दोन्ही हॅवलॉकलाच द्या. शेवटच्या दिवशी सकाळच्या फेरीने येऊ आणि दुपारचं विमान धरू." दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सीझनला हे दिवसभर समजावत बसावे लागते, म्हणून हे पत्रक. बुकिंगच्या कागदांबरोबर घरी न्या आणि सगळ्यांनी एकदा वाचा. ज्यांनी यंदा पहिल्यांदाच मास्क लावून समुद्रात तोंड बुडवायचे ठरवले आहे, त्यांनी तर नक्कीच.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप आणि नील म्हणजेच शहीद द्वीप. ही नावे २०१८ पासूनची. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. फेरीच्या तिकिटावर एक आणि हॉटेलच्या व्हाउचरवर दुसरे दिसले तरी घाबरू नका, ठिकाण तेच आहे. इथे आम्ही सगळ्यांच्या तोंडी असलेली जुनी नावे वापरली आहेत.

शेवटच्या सकाळची फेरी

स्वारगेटला एक एसटी चुकली तर थोड्या वेळात दुसरी मिळते. हॅवलॉकला तसे नाही. तिथे विमानतळ नाही, रस्ता नाही. बाहेर पडायचे ते समुद्रातूनच. खासगी फेरीला दीड-दोन तास लागतात, सरकारी बोटीला त्याहून जास्त. एरवी हा प्रवास सुखाचा असतो. पण वारा वाढला आणि लाटा उठल्या की फेऱ्या थांबवल्या जातात, आणि त्या थांबवायलाच हव्यात. कधी आदल्या संध्याकाळी मेसेज येतो, कधी जेट्टीवर बॅगा उतरवल्यावर कळते. पुढची फेरी आधीच भरलेली असते आणि रद्द झालेल्या फेरीतले सगळे प्रवासी तिच्याच खिडकीशी उभे असतात.

"आम्ही तर डिसेंबरात जातोय, पावसाळा कुठाय?" हेही रोजचेच. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हे चक्रीवादळांचेच महिने आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच खराब हवामानात हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजे गेली होती. दर वर्षी असे होत नाही. पण एखाद्या दिवसासाठी फेरी बंद पडणे यात नवल काहीच नाही, आणि तो एक दिवस नेमका तुमच्या विमानाचा असला तर सगळेच कोलमडते.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या ओळखीच्या एका कुटुंबाने स्वतःच नेटवर सगळे बुकिंग केले होते. शेवटची रात्र हॅवलॉक, सकाळी फेरी, दुपारी दोनचे विमान. सकाळी साडेदहाला त्यांचा जेट्टीवरून फोन आला: फेरी रद्द. मागून लाउडस्पीकर ऐकू येत होता, आजी बॅगेवर बसलेल्या, मुलांसाठी घेतलेला खाऊ संपलेला. आम्ही खटपट करून त्यांना संध्याकाळच्या सरकारी बोटीत जागा मिळवून दिली. फेरीचे पैसे त्यांना परत मिळाले. विमानाचे मिळाले नाहीत, कारण विमान कंपनीच्या लेखी ते आलेच नव्हते. पोर्ट ब्लेअर ते चेन्नई एक तिकीट आणि चेन्नई ते पुणे दुसरे, वेगळ्या कंपनीचे, असे घेतलेले असल्याने पहिले चुकल्यावर दुसरेही गेले. पुण्याहून सांगलीला आणणारी गाडी विमानतळावर थांबून रिकामी परत आली, तिचे भाडे वेगळेच. ऐनवेळच्या नव्या तिकिटांना जेवढे पैसे गेले, जवळजवळ तेवढ्यात त्यांचा हॅवलॉकचा सगळा मुक्काम झाला होता.

म्हणून आमच्या प्रत्येक सहलीत फेरीचा प्रवास आणि परतीचे विमान यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा असतो. फेरी एक दिवस बंद राहिली तरी तुम्ही विमानापर्यंत पोचता. परतीची तिकिटेही आम्ही शक्यतो एकाच पीएनआरवर काढतो, म्हणजे मधले विमान उशिरा पोचले तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीवर राहते. वेगवेगळी तिकिटे कधी कधी थोडी स्वस्त दिसतात. आम्ही ती सुचवत नाही.

पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात आमचे कमिशन जास्त असेल, असा संशय काही जण बोलून दाखवतात. हॅवलॉकची समुद्राकाठची हॉटेले पोर्ट ब्लेअरपेक्षा महाग आहेत. तुमच्या खोलीभाड्यावर कमाई करायची असती तर तुम्हाला शेवटच्या रात्रीपर्यंत तिथेच ठेवणे आमच्या जास्त फायद्याचे ठरले असते.

स्कूबा आधी, विमान नंतर, आणि मध्ये पूर्ण एक दिवस

इथे दोन उलट्या चुका होतात. कुणी "विमानाच्या आधी पाण्यात जायचं नसतं" असे ऐकून शेवटच्या दिवशीचे स्नॉर्केलिंगही सोडून देते. कुणी "सगळ्यात मोठी मजा शेवटी" म्हणून स्कूबा निघायच्या आदल्या दुपारी ठेवते. पहिल्यात हौस बुडते. दुसऱ्यात जिवाशी खेळ आहे.

लाइफ जॅकेट घालून पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत नळीतून श्वास घेता, तेव्हा फुप्फुसात नेहमीचीच हवा, नेहमीच्याच दाबाने जाते. त्यानंतर विमानात बसायला हरकत नाही. स्कूबात मात्र टाकीतली हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाने घेतली जाते. दहा मीटर खाली हा दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो आणि तेवढ्या प्रमाणात हवेतला नायट्रोजन शरीरात जास्त मुरतो. वर आल्यावर तो सावकाश निघून जातो, पण त्याला वेळ लागतो. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब २,४०० मीटर उंचीवर असतो तितका कमी होऊ शकतो. आपल्या राज्यातले सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही त्याच्याही बरेच वर जाता. मुरलेला नायट्रोजन तिथे बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागला तर सांधे दुखण्यापासून मज्जारज्जूला इजा होण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

जगभर पाळला जाणारा संकेत असा: एकच साधा डाइव्ह केला तर किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस केले तर किमान १८ तास विमान नको. आम्ही सरसकट २४ तास धरतो. म्हणून स्कूबा हॅवलॉकला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी असतो आणि तो पुढे ढकलायची विनंती आम्ही मान्य करत नाही. तिथला एखादा मनुष्य "काही होत नाही, उद्या सकाळी उडा" म्हणाला तर कृपया आम्हाला फोन करा. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा कानाचे ऑपरेशन झालेले असेल तर स्कूबाच्या फॉर्मवर खरे लिहा. तो रकाना तुमच्यासाठीच आहे.

मग त्या दोन दिवसांत करायचे काय?

वांडूर जेट्टीवरून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात बोटी जातात. हवामान आणि परवाना जुळला तर तिथले स्नॉर्केलिंग शेवटच्या पूर्ण दिवशी ठेवतो. प्लास्टिकची एकही पिशवी आत नेता येत नाही, त्यामुळे भडंग स्टीलच्या डब्यात भरून न्या. ते जमले नाही तर रॉस बेट आणि नॉर्थ बे. समुद्र बंदच असला तर शहरात चालत पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

सेल्युलर जेल आम्ही मुद्दाम शेवटी ठेवतो. पहिल्या दिवशी लोक रात्रभर प्रवास करून आलेले असतात, लक्ष सगळे समुद्राकडे असते, आणि तासाभरात फोटो काढून निघायची घाई होते. १९०६ मध्ये पुऱ्या झालेल्या या इमारतीच्या सात भुजांपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांच्या कोठडीपर्यंत जिने चढून जायला वेळ हवा आणि मनही निवांत हवे. त्याच तुरुंगात शिक्षा भोगलेल्या त्यांच्या थोरल्या बंधूंचे, बाबाराव सावरकरांचे, शेवटचे दिवस आपल्या सांगलीत गेले. १९४५ मध्ये त्यांचे निधन इथेच झाले. सांगलीकराने ती जागा घाईत पाहू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. संध्याकाळच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाची तिकिटे सीझनला लवकर संपतात, ती आम्ही आधी काढून ठेवतो.

पाण्यातल्या काही गोष्टी

अंदमानात घड्याळ आपलेच, पण सूर्य सांगलीपेक्षा तासाभराहून आधी उगवतो आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. सहलीच्या शेवटी थकून आठपर्यंत झोपलात तर उजेडाचे दोन तास गेले. सकाळी वारा कमी, पाणी नितळ. बोट सहाला म्हटली की सहालाच.

मास्कमध्ये पाणी शिरते, ही सगळ्यात मोठी तक्रार. गाइड पट्टा आणखी आवळतो, पाणी तरी शिरतेच आणि कपाळावर वळ उठतो. कारण बहुतेक वेळा मापात असते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत घ्या. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. दुसरे कारण मिशी. केसांमधून पाणी वाट काढते. मिशी काढायला आम्ही कुणाला सांगणार नाही. नाकाखालची वरची बारीक पट्टी तेवढी साफ करा, नाहीतर तिथे व्हॅसलीनचा पातळ थर लावा. चष्मा असणाऱ्यांना चष्म्यावर मास्क बसत नाही. त्यांच्यासाठी नंबरच्या काचांचे मास्क आमच्याकडे आहेत, सहलीच्या ग्राहकांना ते अनामत ठेवून वापरायला देतो.

कृष्णेत पोहायला शिकलेले लोक पाण्याला घाबरत नाहीत, पण हात मारत सुटतात आणि दहा मिनिटांत दमतात. इथे हात अंगालगत ठेवायचे, पाय मांडीतून सावकाश हलवायचे. पोहता न येणारेही जॅकेट घालून गाइडचा हात धरून छान पाहून येतात. टी-शर्ट पूर्ण बाह्यांचा घाला आणि पोटऱ्या झाका. पाठ आणि पोटऱ्या भाजल्याचे पाण्यात कळत नाही, विमानाच्या खुर्चीत टेकल्यावर कळते.

प्रवाळावर उभे राहू नका. नीलला भरतपूरच्या किनाऱ्यावर ओहोटीला पाणी गुडघ्याएवढे होते आणि लोक सरळ चालू लागतात. तो खडक दिसला तरी जिवंत प्राण्यांची वसाहत आहे आणि वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर अशा गतीने वाढलेली आहे. फोटोतल्यासारखे रंग सगळीकडे दिसले नाहीत म्हणून नाराज होऊ नका. समुद्र फार तापला की प्रवाळातले शेवाळ निघून जाते आणि ते पांढरे पडते. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानला याचा मोठा फटका बसला. मासे मात्र मनसोक्त दिसतील.

किनाऱ्यावरचे पांढरे प्रवाळाचे तुकडे मुले हमखास खिशात घालतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख संरक्षित आहेत, मेलेले असले तरी. विमानतळावर एक्स-रेमध्ये ते दिसतात, बॅग उघडली जाते आणि तुमच्यामागची रांग खोळंबते. आदल्या रात्री मुलांच्या पँटचे खिसे आणि चपलांची पिशवी स्वतः तपासा. दुकानातून काही घेतले असेल तर बिल हातातल्या बॅगेत ठेवा.

पाण्यात चार दिवस घालवल्यावर कान ठणकला तर घरच्या सवयीने कोमट तेल घालू नका, कापसाची काडीही नको. डोके एका बाजूला कलवून पाणी निथळू द्या. दुखणे राहिले किंवा सर्दीने नाक चोंदले असेल तर विमानाआधी पोर्ट ब्लेअरलाच डॉक्टरांना दाखवा. मोकळ्या दिवसाचा हाही उपयोग होतो. ओले टॉवेल आणि पोहण्याचे कपडे त्याच दिवशी वाळवून घ्या. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोच सामान चालते आणि ओल्या कपड्यांचे वजन तुम्हाला वाटते त्याहून जास्त भरते.

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात कचेरीत येऊन मास्क चेहऱ्याला लावून बघा. मुलांनाही आणा, त्यांचे माप वेगळे असते. चष्मेवाल्यांनी डोळ्यांच्या नंबरचा कागद बरोबर आणावा.