खर्रा न खाणाऱ्याच्या घशातला विषाणू

विदर्भातल्या खेड्यात कुणाला घशाचा कॅन्सर निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: खर्रा किती खात होता? प्रश्न चुकीचा नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळणारा खर्रा इकडे अनेकांचे तोंड पोखरत आला आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण खर्रा हाताने घोटला जातो. त्याला कारखाना लागत नाही. तरीही अधूनमधून असा रुग्ण निघतो, ज्याचे नातेवाईक शपथेवर सांगतात, ‘त्याले तं कसलाच शौक नव्हता न भाऊ.’ अशा वेळी डॉक्टरांच्या मनात येणारे नाव एचपीव्हीचे, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरसचे असते.

हे नाव आपल्याकडे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमुळे पोहोचले. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ साली त्या गाठींतून एचपीव्ही-१६ वेगळा काढला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९८३ सालीच फिनलंडमध्ये तोंडाच्या गाठींतही या विषाणूच्या खुणा असल्याचे मांडले गेले, पण तिकडे फारसे कुणी वळले नाही. २००० साली अमेरिकेत मॉरा गिलिसन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की टॉन्सिल व जिभेच्या बुंध्याचे एचपीव्ही असलेले कॅन्सर हा वेगळाच आजार आहे. आपण ‘घसा’ म्हणतो तेव्हा टाळूपासून स्वरयंत्रापर्यंत सगळे त्यात येते. विषाणूला मात्र टॉन्सिलच्या खोल खाचाच आवडतात.

आता त्याच्या जनुकांतल्या फरकांकडे वळू. एचपीव्हीचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. एल-१ या जनुकात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तरच नवा प्रकार मानतात. त्याहून बारीक फरक एकाच प्रकाराच्या आत असतात. एचपीव्ही-१६ चा डीएनए सुमारे ७,९०० अक्षरांचे कडे. त्याची नक्कल आपल्याच पेशीची यंत्रणा करते, आणि ती चुका कमी करते. म्हणून हा विषाणू फ्लूसारखा वर्षागणिक रूप बदलत नाही. हजारो वर्षांत साचलेल्या फरकांवरून १९९० च्या दशकात त्याची घराणी पाडली आणि त्यांना युरोपीय, आफ्रिकी, आशियाई-अमेरिकी अशी खंडांची नावे दिली. पुढे ए, बी, सी, डी ही अक्षरे आली, ते बरेच झाले. भारतात तपासलेल्या गर्भाशयमुखाच्या नमुन्यांत ‘युरोपीय’ म्हटलेले ए घराणेच मुख्यतः सापडले, म्हणून काही ते इंग्रजांनी आणले असे होत नाही. हे घराणे निअँडरथलसारख्या जुन्या मानवांकडून आपल्यात आले असावे, असाही एक तर्क आहे.

पण फरक मोजून रुग्णाला काय मिळते? विषाणूच्या ई-६ जनुकातले ३५० वे अक्षर बदलले की प्रथिनातला एक दुवा बदलतो. या बदलाने कॅन्सरचा धोका वाढतो का, यावर गर्भाशयमुखाच्या बाबतीत बरीच वर्षे वाद चालला. निष्कर्ष प्रदेशागणिक वेगळे येत गेले. मला त्याहून बोलके वाटते ते विषाणूचेच दुसरे जनुक, ई-७. पाच हजारांहून जास्त स्त्रियांच्या नमुन्यांतला एचपीव्ही-१६ वाचून २०१७ साली असे दिसले, की कॅन्सर झालेल्यांत ई-७ जवळजवळ जसेच्या तसे राहते. साध्या संसर्गात ते बदललेले चालते, पण गाठ तयार करायची तर ते अखंडच लागते. पेशीच्या वाढीला आवर घालणारे आरबी प्रथिन ई-७ निकामी करते, आणि ई-६ हे पी-५३ या तसाच आवर घालणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला संपवते.

इथेच तंबाखूची वाट वेगळी होते. डोके-मानेच्या २७९ गाठींचा जनुकीय नकाशा २०१५ मध्ये आला. तंबाखूशी जोडलेल्या गाठींत पी-५३ चे जनुकच बहुतेक ठिकाणी मोडलेले होते. एचपीव्हीच्या गाठींत ते बहुधा शाबूत होते, कारण त्याचे प्रथिन विषाणूच नष्ट करत होता.

अमेरिकेत टॉन्सिलच्या भागातले सुमारे ७० टक्के कॅन्सर एचपीव्हीशी जोडले जातात. आपल्याकडे हा वाटा बराच कमी आहे. तंबाखू अजून पुढे आहे. एचपीव्हीची गाठ उपचाराला चांगली दाद देते, म्हणून नव्या पद्धतीत तिच्या पायऱ्याही वेगळ्या मोजतात. गाठ एचपीव्हीची आहे का हे कळण्यासाठी तिच्या तुकड्यावर पी-१६ या प्रथिनाची रंगतपासणी करतात. तेव्हा टॉन्सिलच्या गाठीचा तुकडा नागपूरला किंवा सेवाग्रामला गेला असेल, तर रुग्ण खर्रा खाणारा असो वा नसो, अहवालात पी-१६ चा उल्लेख आहे का, एवढे डॉक्टरांना विचारून घ्यावे.