बायोस आणि गेमची फाइल: एक मशीनचं, एक डिस्कचं

गणपतीत देवगडला बहिणीकडे गेलो की आरती आटपल्यावर भाच्याचा कॉम्प्युटर माझ्यापुढे येतोच. यंदा त्याने माळ्यावरचा माझा जुना प्लेस्टेशन २, म्हणजे सोनीचा गेम खेळायचा कन्सोल, खाली काढला होता आणि कॉम्प्युटरवर पीसीएसएक्स२ टाकून ठेवलं होतं. त्या कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा हा प्रोग्राम, म्हणजेच एम्युलेटर. "मामा, गेम सुरूच होणा नाय. फाइल तर आसा!" फाइल होती, पण बायोसच्या फोल्डरमध्ये त्याने गेमची फाइल टाकली होती. म्हणून सेटिंगमधली बायोसची यादी रिकामीच दिसत होती.

ही गल्लत मी इतक्या मुलांकडून पाहिली आहे की आता सविस्तर सांगतो.

बायोस म्हणजे कन्सोलच्या आतल्या चिपमध्ये कारखान्यातच भरलेला प्रोग्राम. पॉवरचं बटण दाबलं की आधी तो सुरू होतो, सोनीचं नाव दाखवतो आणि मग ट्रेमध्ये काय आहे ते बघतो. गेमची फाइल म्हणजे त्या ट्रेमधल्या डिस्कची जशीच्या तशी प्रत. एम्युलेटर हार्डवेअरची नक्कल करतो, पण बायोसवर सोनीचा कॉपीराइट आहे, त्यामुळे तो एम्युलेटरसोबत मिळत नाही. स्वतःच्या कन्सोलवर एक छोटा प्रोग्राम चालवून तो पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा, हाच सरळ मार्ग. मोबाइलवर पीपीएसएसपीपी वापरलेली मुलं इथे हमखास अडतात. त्या एम्युलेटरने पीएसपीच्या (सोनीच्या हातात धरायच्या कन्सोलच्या) सिस्टीमचं काम स्वतःच लिहून काढलं आहे, म्हणून तिथे बायोस कुणी मागत नाही. मग इथेही लागणार नाही असं त्यांना वाटतं.

प्लेस्टेशन १ मध्ये तर घोळ आणखी वाढतो, कारण दोन्ही फाइलींच्या शेवटी बहुतेक वेळा '.बिन'च असतं. तेव्हा नाव बघू नका, आकार बघा. प्लेस्टेशन १ चा बायोस बरोबर ५१२ केबीचा, प्लेस्टेशन २ चा मुख्य बायोस ४ एमबीचा. गेमची 'बिन' फाइल सहसा शेकडो एमबीची असते आणि तिच्यासोबत 'क्यू' नावाची इवलीशी फाइल येते. ती नोटपॅडमध्ये उघडून बघा, आत 'बिन'चं नाव लिहिलेलं दिसेल. हौसेने 'बिन'चं नाव बदललंत तर 'क्यू'ला ती सापडत नाही. आणि बायोस झिपमध्ये असेल तर आधी बाहेर काढा, झिपमधला बायोस पीसीएसएक्स२ ओळखत नाही.

आता बिघाड कुठल्या बाजूला आहे ते कसं कळायचं? डिस्क न लावता नुसता बायोस सुरू करायचा पर्याय पीसीएसएक्स२ मध्ये आहे. प्लेस्टेशन २ चा नेहमीचा मेनू आला, तर बायोस ठीक. पुढची अडचण डिस्कच्या प्रतीत आहे. हीच चाचणी गेम लावून करायची असेल तर 'फास्ट बूट' बंद ठेवा, नाहीतर एम्युलेटर बायोसचा लोगो ओलांडून थेट गेमकडे जातो.

भाच्याचा बायोस जागेवर बसला तेव्हा पडद्यावर लाल स्क्रीन आली: प्लेस्टेशन किंवा प्लेस्टेशन २ ची डिस्क घाला. तो लगेच म्हणाला, "बायोस खराब आसा." मी म्हटलं, अरे, हा लाल पडदा दाखवतोय कोण? बायोसच ना! म्हणजे तो धडधाकट आहे, त्याला डिस्क ओळखता येत नाहीये एवढंच. प्लेस्टेशन १ मध्येही असंच. पांढऱ्या पडद्यावरचा केशरी लोगो बायोसचा, आणि त्यानंतरचा काळा पडदा डिस्क ओळखली गेल्यावरच येतो. पांढऱ्यावरच थांबलं, तर गेमच्या फाइलकडे वळा.

मग आम्ही त्याची आयएसओ फाइल, म्हणजे डिस्कची प्रत, तपासली. डिस्क तीन जीबीच्या वर होती, फाइल मात्र सव्वा जीबीचीच. आदल्या संध्याकाळी पावसात लाइट गेली होती आणि कॉपी अर्धवट राहिली होती. फाइल दिसतेय म्हणून त्याला ती पुरी झाली असं वाटलं होतं. आमच्याकडे पावसाळ्यात हे नित्याचंच. म्हणून इम्गबर्न या डिस्कची प्रत काढायच्या प्रोग्राममध्ये दिसणारं डिस्कचं माप आणि तयार झालेल्या फाइलचं माप जुळवून बघायची सवय त्याला लावली.

एक मात्र वेगळं. एम्युलेटरची खिडकीच उघडत नसेल आणि विंडोज 'व्हीसीरनटाइम'ची डीएलएल (प्रोग्रामला लागणारी एक मदतनीस फाइल) सापडत नाही म्हणत असेल, तर बायोस आणि गेम दोघांनाही हात लावू नका. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल, ६४ बिटचं, टाकलं की तो अडथळा सहसा जातो.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घेतला, डिस्क मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली आणि कॉपी पुन्हा लावली. या वेळी दोन्ही आकडे जुळले. भाच्याने बायोसचं फोल्डर आणि गेमचं फोल्डर वेगवेगळं केलं आणि मग स्टार्ट दाबलं.