विमा नसला तरी अतिवृष्टीचं अनुदान मिळतं

मराठवाड्यात दर पावसाळ्यात एक मेसेज फिरतो: ‘पीकविमा भरला नसेल तर अतिवृष्टीचं अनुदान मिळत नाही.’ दोन्हींचे पैसे खात्यातच येतात, त्यामुळे घोळ होणं साहजिक आहे. पण विम्याला हप्ता भरावा लागतो. अनुदान सरकारच्या आपत्ती निधीतून येतं, त्याला हप्ता नाही. अट वेगळीच आहे: पंचनाम्यात पिकाचं नुकसान किमान 33 टक्के दिसायला हवं. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक बांधावर येतात तेव्हा गट नंबर आणि क्षेत्र नीट लिहिलंय का, तिथंच बघून घ्या. पंचनाम्याआधीच सोयाबीन काढलं, तर नुकसान दाखवणार काय? पुढे तलाठ्याकडच्या अनुदानाच्या यादीत नाव तपासा. नाव आहे पण पैसे नाहीत, तर बँकेत आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते विचारा. कधी कधी ते विसरलेलं जुनं खातं निघतं.