सर्वसमावेशक डिझाइनचे शालेय शिक्षण

वय, दृष्टी, श्रवण, हातापायांतली ताकद यांत फरक असलेल्या माणसांना सहज वापरता येतील अशा वस्तू विद्यार्थ्यांकडून आखून व बनवून घेण्याची अध्यापनपद्धती. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय १९९० पासून आहे. स्वतःच्या आणि इतरांच्या गरजा विचारात घेणे हा त्याच्या उद्दिष्टांचाच भाग. भारतात असे प्रकल्प बरेचदा सहावी ते बारावीसाठीच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये (सरकारी योजनेतून शाळांत उभारलेल्या प्रयोगशाळांत) होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘सार्वत्रिक डिझाइन’ची, म्हणजे सर्वांना वापरता येईल अशा रचनेची, व्याख्याही दिलेली आहे.

वर्गात सुरुवात अनेकदा नकलेने होते. बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून शर्टाची बटणे लावायची, जाड हातमोजे घालून बरणी उघडायची. वस्तू कुठे अडते हे यातून पटकन कळते, पण माणूस कळत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मुलाला अचानक आलेल्या अंधाराची भीती वाटते. जन्मापासून अंध असलेल्या व्यक्तीचे कान आणि तिची पांढरी काठी किती कामे करतात, याचा त्याला पत्ता लागत नाही. म्हणून वापरणारी व्यक्ती पहिल्या तासापासून वर्गात हवी.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हमखास दिसणारी ‘स्मार्ट काठी’ याच कारणाने फसते. ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणि अडथळा आला की वाजणारा बझर. पण तो बझर रस्त्यावरचे आवाज झाकतो, आणि अंध व्यक्ती चालते ती त्याच आवाजांच्या भरवशावर. शिवाय जमिनीलगतचे अडथळे साध्या काठीलाही कळतात. अडचण असते ती गुडघ्याच्या वर, म्हणजे लोंबणारी फांदी, उभ्या ट्रकचा मागचा भाग. आयआयटी दिल्लीत अंध वापरकर्त्यांना सोबत घेऊन घडवलेले ‘स्मार्टकेन’ हे उपकरण (२०१४) नेमके हेच अडथळे टिपते, नेहमीच्या काठीवर बसते आणि कंपनाने सूचना देते.

दुसरे आवडते उदाहरण ऑक्सो कंपनीच्या पीलरचे, म्हणजे साल काढण्याच्या सोलाण्याचे (१९९०). कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे नेहमीचा पीलर धरता येईना, त्यातून जाड रबरी मूठ आली. ती सगळ्यांनाच सोयीची वाटली.

मूल्यमापनात सफाईदार वस्तूला भरभरून गुण देण्याचा मोह परीक्षकांना होतोच. इंग्लंडमध्ये या विषयाच्या जीसीएसई (साधारण सोळाव्या वर्षीच्या शालेय) परीक्षेत निम्मे गुण प्रकल्पाला असतात, आणि त्यात गरजेचा शोध, कच्चे नमुने, चाचणी व त्यानंतर केलेले बदल यांचीही नोंद तपासली जाते.